सड्यावरच्या घरासाठी छोटी पवनचक्की आणि ४८ व्होल्टची बॅटरी: पावसाळ्याचा हिशोब कसा मांडावा?

सडाकिनारा (प्रश्न)

घर पाटण तालुक्यात आहे, सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) पश्चिम कड्यापासून साधारण ३०० मीटर आत. उंची समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास. एकमजली घर, वर पत्रा, पूर्वेला आंब्या-फणसाची झाडं. वनकुसवड्याच्या पवनचक्क्या लांबून दिसतात, तेव्हा भागात वारा आहे यात शंका नाही. लाइन आलेली आहे, पण जून ते सप्टेंबर तिचा भरवसा नाही. झाड पडून तार तुटली की दोन-तीन दिवस अंधार.

सध्या ५४० वॉटची तीन पॅनेल, एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) चार्ज कंट्रोलर आणि ४८ व्होल्टचा ३ केव्हीए इन्व्हर्टर आहे. बॅटरी संपत आली आहे, ती बदलायचीच आहे. ऑक्टोबर ते मे काही अडत नाही. अडतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, धुकं बसलं की.

रोजचा वापर: ९ वॉटचे ४ दिवे ५ तास, २८ वॉटचे २ बीएलडीसी पंखे १२ तास, १९० लिटरचा फ्रिज (दिवसाला १ युनिट), टीव्ही ३ तास, राउटर २४ तास, मिक्सर, मोबाइल, लॅपटॉप. बेरीज अडीच युनिटच्या आसपास येते. विहिरीचा पंप यात धरलेला नाही, तो लाइन असेल तेव्हाच चालतो.

एका विक्रेत्याने १.५ मीटर व्यासाची, पाच पात्यांची, ‘३ किलोवॉट’ची चक्की सुचवली आहे. ती घराच्या भिंतीला धरून पत्र्याच्या वर ३ मीटर पाइपवर बसवायची, सोबत १५० एएचच्या चार ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या. हे जमेल का? नसेल तर व्यास, उंची, बॅटरी आणि संरक्षण यांचा हिशोब कसा करावा?

वारामोजणी

चक्कीवर लिहिलेले किलोवॉट बाजूला ठेवा आणि पात्यांचा व्यास बघा. वाऱ्यातली शक्ती हवेची घनता, पाती फिरतात त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. तुमच्या उंचीवर हवा विरळ आहे, घनता घनमीटरला १.०५ किलो धरा. समुद्रकाठी ती १.२ च्या आसपास असते, म्हणजे चांगली १२ टक्के घट इथेच झाली.

१.५ मीटर व्यासाचं क्षेत्रफळ १.७७ चौरस मीटर. सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरला, त्या वर्तुळातून जाणारी एकूण शक्तीच १६०० वॉट. त्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के कोणतीही चक्की घेऊ शकते, ही बेट्झची मर्यादा. म्हणजे कागदावरचं टोकच ९५० वॉट. प्रत्यक्षात छोट्या यंत्रात पाती, जनित्र, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), केबल हे सगळं धरून २० ते ३० टक्के हाती लागतात, म्हणजे चांगल्या यंत्रातून ४०० वॉट. ‘३ किलोवॉट’ हा आकडा त्या व्यासातून निघूच शकत नाही. विक्रेत्याकडे वेगानुसार वॉटचा आलेख मागा, आणि तो कोणत्या घनतेला मोजला तेही विचारा. आलेख नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. उभ्या आसाच्या चक्क्याही याच गणिताने तपासा. तिथे क्षेत्रफळ म्हणजे व्यास गुणिले उंची, आणि कार्यक्षमता बहुधा आणखी कमी.

तुमच्या वापरासाठी मी २.४ मीटर व्यास, तीन पाती, आडवा आस आणि वादळात शेपटीने बाजूला वळणारं यंत्र धरीन. क्षेत्रफळ ४.५२ चौरस मीटर. २५ टक्के कार्यक्षमतेने ४ मी/से ला ३८ वॉट, ८ मी/से ला ३०० वॉट, १२ मी/से ला १ किलोवॉट. वेग दुप्पट झाला की वीज आठपट, हे आकड्यांत दिसतंच. म्हणून ‘सुरू होण्याचा वेग २ मीटर’ या जाहिरातीला काही अर्थ नाही. त्या वेगात दहा वॉटसुद्धा मिळत नाहीत.

आता महिन्यांचा हिशोब. मोसमी वारा एका दिशेने, सलग वाहतो. त्यामुळे सरासरीच्या घनाला साधारण १.५ ने गुणायचं. हिवाळ्यात वारा पडतो-उठतो, तिथे हा गुणक १.९ च्या जवळ जातो. चक्कीच्या उंचीवर पावसाळ्याची सरासरी ७ मी/से मिळाली तर २.४ मीटरचं यंत्र दिवसाला ६ युनिटपर्यंत देईल. तीच सरासरी ५ असेल तर २ युनिट. डिसेंबरमध्ये ३ मी/से च्या सरासरीला अर्धं युनिटही नाही. हिवाळ्यासाठी चक्की घेऊ नका. तुमच्याकडे ती चार महिन्यांचं यंत्र आहे, आणि नेमके तेच चार महिने तुमच्या पॅनेलांचे वाईट आहेत. सड्यावर चक्कीचा विचार करण्यासारखा आहे तो एवढ्याचसाठी.

७ मिळेल की ५ हे मोजल्याशिवाय कळणार नाही. ग्लोबल विंड ॲटलास बघा. त्यात १० आणि ५० मीटर उंचीचे आकडे मिळतात. नासाच्या पॉवर संकेतस्थळावरची माहिती इतक्या मोठ्या चौकोनाची आहे की कडा आणि दरी एकाच आकड्यात येतात, घाटमाथ्यावर तिचा उपयोग नाही. खरा मार्ग म्हणजे १० मीटरच्या पाइपवर तीन वाट्यांचा वेगमापक, दर १० मिनिटांची सरासरी नोंदवणारा लॉगर, आणि निदान जून ते सप्टेंबर पूर्ण मोजणी. हातात धरून घेतलेला वेग या कामाचा नाही. १० मीटरवरचा आकडा १८ मीटरवर साधारण ८ टक्के वाढतो, विजेत ती वाढ २५ टक्क्यांच्या पुढे जाते.

शेजारच्या मोठ्या पवनचक्क्यांवरून मात्र अंदाज बांधू नका. त्यांची पाती कितीतरी वरच्या हवेत फिरतात.

ताणतार

घराच्या भिंतीला धरून खांब नको. कारण दोन, आणि दोन्ही गंभीर.

पहिलं, गढूळ हवा. घराच्या उंचीच्या दुप्पट वर आणि वाऱ्याच्या दिशेने वीसपट लांबपर्यंत घर वाऱ्यात भोवरे तयार करतं. ५ मीटर उंच घराच्या पत्र्यावर ३ मीटर, म्हणजे चक्की ऐन भोवऱ्यात. तिथे वेग कमी मिळतो, शिवाय यंत्र सारखं डावं-उजवं वळत राहतं आणि पात्यांच्या मुळाशी चिरा जातात. दुसरं, कंप. तो पाइपमधून भिंतीत उतरतो. पत्र्याचे जे-हुक सैल होतात, भिंतीला भेगा पडतात, रात्री घरात घोंगावतं ते वेगळं.

नियम असा: १०० ते १५० मीटरच्या आत जे सर्वांत उंच झाड किंवा घर असेल, त्याच्या वर पात्याचं खालचं टोक ९ मीटर. तुमची झाडं पूर्वेला आणि पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. म्हणून घराच्या पश्चिमेला मोकळ्यावर १८ मीटरचा खांब पुरावा. अगदी कड्याच्या ओठावर मात्र जाऊ नका. दरीतून चढून आलेली हवा तीव्र धारेवर जमिनीपासून सुटते आणि मागे लगेच भोवरा धरते. पतंगाच्या दोऱ्याला दर दोन मीटरवर कापडाच्या पट्ट्या बांधून उडवा. पट्ट्या फडफडत गोल फिरतात तोपर्यंतची उंची सोडून द्या, सरळ ताणून राहतात तिथून वर यंत्र बसवा.

खांब आडवा करता येणारा, तारांनी ताणलेला करा. ८० मिमीचे मध्यम दर्जाचे जीआय पाइप (बाहेरचा व्यास ८८.९ मिमी), ६ मीटरचे तीन. वजन मीटरला साडेआठ किलोच्या आसपास, म्हणजे एकूण दीडशे. तळाला बिजागरी, तीन पातळ्यांवर चारी बाजूंना तारा. नांगरांचं (तारा जमिनीत धरून ठेवणाऱ्या सळया किंवा ठोकळे) खांबापासून अंतर उंचीच्या निम्मं, म्हणजे ९ मीटर. सर्वांत वरची तार पात्याच्या टोकाच्या खाली राहील अशी बांधा. २.४ मीटर व्यासाला आसापासून निदान दीड मीटर खाली.

तार ८ मिमी जस्तलेपित. प्रत्येक टोकाला कडीखाली थिंबल आणि तीन यू-क्लिपा. क्लिपेचा खोगीर भाग ताण घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट उरलेल्या तुकड्यावर आला पाहिजे. उलटं लावलं की यू-बोल्ट भाराची तार चेपतो आणि ती तिथेच तुटते. टर्नबकल (तार ताणायचा पेच) कंपाने हळूहळू उलगडतं, म्हणून त्याच्या दोन्ही डोळ्यांतून तार ओवून कुलूप करा. हे राहून गेल्यामुळेच भर पावसाळ्यात खांब आडवे होतात.

पाया जागेवर ठरतो. सड्यावर वरचा जांभा कठीण असतो, पण खाली मऊ माती लागते. नांगरासाठी ४० मिमी व्यासाचं, १ मीटर खोल भोक पाडून २५ मिमीची सळई ग्राउटने बसवता येते. मात्र भोक पाडताना बिट एकदम खाली गेलं तर ती जागा सोडा. प्रत्येक नांगर चेन ब्लॉक आणि वजनमापी आकडा लावून ओढून बघा. पठारावरून खाली काळ्या मातीत कोणी हे करत असेल तर मुरमापर्यंत खणा आणि ०.६ × ०.६ × १ मीटरचा काँक्रीटचा ठोकळा टाका. तो ८५० किलोंच्या वर भरतो. काळी माती फुगते-आकसते, तिच्यात उथळ पाया धरतच नाही.

उभारणीत तळाशी काटकोनात ६ मीटरचा मदतीचा पाइप लागतो, त्याच्या टोकावरून ओढायचं. १५० किलोचा पाइप आणि वर ४० किलोचं यंत्र धरलं तर खांब जमिनीवरून सुटताना दोरात साडेचारशे किलोंच्या जवळ ताण येतो, पुढे तो कमी होतो. दीड टनाचा हातविंच वापरा. ट्रॅक्टरने ओढू नका, क्लचच्या एका झटक्याला खांब वाकतो. दोन्ही बाजूंचे नांगर बिजागरीच्या रेषेत आणि तिच्याच पातळीवर हवेत. जमीन उतरती असेल आणि एक नांगर खाली असेल, तर खांब वर येता येता एक तार सैल पडते आणि दुसरी तुटायला येते. पहिल्यांदा यंत्राशिवाय नुसता खांब उभा करून, आडवा करून बघा.

आयएस ८७५ भाग ३ (बांधकामावरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मध्ये पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग ३९ मी/से, मुंबईसाठी ४४ दिला आहे. कड्याजवळ त्यावर उंचवट्याचा गुणक लागतो. खांबाचं गणित त्याला धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा तपासून घ्या. ग्रामपंचायतीत विचारतानाच गट नंबर अभयारण्याच्या किंवा इको-सेन्सिटिव्ह हद्दीत येतो का, तेही बघा.

बॅटरी_४८

आधी वापराचा आकडा दुरुस्त करतो. ४८ व्होल्टचा ३ केव्हीए इन्व्हर्टर काही न चालवता ३० ते ५० वॉट खातो. ४० धरले तर दिवसाला जवळजवळ १ युनिट. अडीच युनिट वापराला रूपांतरातली १० टक्के घट धरली की २.८, अधिक १, म्हणजे बॅटरीतून रोज ३.७ युनिट निघणार. ही रिकामी खपत बहुतेक हिशोबांत नसते आणि मग ‘बॅटरी लवकर संपते’ अशी तक्रार येते. राउटर डीसी कन्व्हर्टरवर घेतला आणि इन्व्हर्टरला झोपेचा मोड असेल तर यातलं थोडं वाचतं, पण फ्रिज चालू असताना झोपेचा मोड फारसा लागत नाही.

वारामोजणी यांच्या आकड्यांना हे जोडून बघा. दाट धुक्यात १ किलोवॉट पॅनेलला दिवसाला एखादं युनिट धरा, तुमच्या १.६२ किलोवॉटला १.६. तूट २.१ युनिट. २.४ मीटरची चक्की ५ मी/से सरासरीला नेमकी तेवढीच देते. म्हणून तुमच्या घरापुरती सीमारेषा मोजणीतून ५ च्या वर येणं ही आहे.

बॅटरी: १६ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे ५.१२ युनिट. ९० टक्के वापरली तर सव्वा दिवस. दोन-तीन दिवसांच्या अंधारासाठी अशी दुसरी समांतर जोडता येते, पण आधी एक पावसाळा एकीवर काढा. वारा आणि लाइन दोन्ही एकदम सलग तीन दिवस गेलेत असं तुमच्या भागात पावसाळ्यात कमीच होईल.

१५० एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्यांचे कागदावर ७.२ युनिट होतात, पण निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत, म्हणजे ३.६. त्यांना १५ अँपिअरचा चार्ज योग्य, ३० ही वरची हद्द. तुमची पॅनेल चांगल्या उन्हात ३१ अँपिअर आणि चक्की १८ अँपिअर देईल. दोन्ही एकत्र आले तर ४९. ट्युब्युलरला ते झेपत नाही, १०० एएचच्या लिथियमला ०.५ सी (एएचच्या निम्मे अँपिअर) म्हणून चालतं. दुसरं म्हणजे धुक्याच्या आठवड्यात ट्युब्युलर अर्धवट भरलेल्या राहतात आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. त्यांच्या बाजूने एकच गोष्ट मोठी आहे: त्यांच्यात बीएमएस (लिथियमचे सेल जपणारं, वेळ आली की जोडणी तोडणारं सर्किट) नसल्यामुळे चक्कीची बॅटरी मध्येच तुटत नाही.

आणि हाच पवनचक्कीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. पॅनेलची तार काढली तर पॅनेल नुसतं पडून राहतं. चालत्या चक्कीचा भार काढला तर ती मोकाट सुटते. फेरे वाढतात, व्होल्टेज ४८ वरून १५०-२०० च्या पुढे जातं, कंट्रोलर जळतो, नंतर पातं तुटतं. लिथियमच्या एका सेलने ३.६५ व्होल्ट गाठले की बीएमएस क्षणात चार्ज तोडतो. वारा जोरात असेल तेव्हा बॅटरी भरलेली असण्याची शक्यताही सर्वांत जास्त. म्हणून:

बीएमएसपर्यंत वेळ येऊच द्यायची नाही. सोलर कंट्रोलर ५५.२ व्होल्टला थांबवा (सेलला ३.४५), फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) ५४. चक्कीचा डंप लोड (जादा वीज उष्णतेत जाळणारे रोध) ५६.० ला सुरू होऊ द्या. सोलरचा आकडा डंपच्या खालीच हवा. वर ठेवला तर पॅनेलची वीजसुद्धा डंपमध्ये जळत राहते. बीएमएसची एकूण हद्द ५८.४, म्हणजे मध्ये पुरेसं अंतर राहतं. पण सेल असमान असतील तर एखादा सेल आधीच ३.६५ ला जातो, तेव्हा भरलेल्या अवस्थेत सेलमधला फरक ३०-४० मिलिव्होल्टच्या आत आहे ना, हे ॲपवर बघत राहा.

तरीही बीएमएसने तोडलंच तर काय, याचं उत्तर कंट्रोलरमध्ये असलं पाहिजे. विक्रेत्याला सरळ विचारा: चक्की चालू असताना बॅटरीची तार निघाली, तर तुमचा कंट्रोलर रेक्टिफायरच्या बाजूचं व्होल्टेज बघून स्वतःच्या रोधांवर भार घेतो का? ‘बॅटरी लागतेच’ असं उत्तर आलं तर तो कंट्रोलर लिथियमबरोबर लावू नका. सोलरचा एमपीपीटी चक्कीला जोडायचा नाही. त्याला डंप नसतो, आणि व्होल्टेज वर गेलं की तो भार सोडतो, म्हणजे नको तेच करतो.

ब्रेक स्विच रेक्टिफायरच्या आधी, तीन फेज एकमेकांना जोडणारा. चक्की आणि ब्रेक यांच्यामध्ये फ्यूज, एमसीबी काहीही नको. तो उडाला की चक्की मोकाट. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, आणि तिथे डीसीचाच ब्रेकर. साध्या एसी एमसीबीत डीसीची ठिणगी विझत नाही. ब्रेक वारा जरा पडल्यावर लावा. भर वेगात लावला तर वाइंडिंग तापतं आणि पात्यांच्या मुळांना झटका बसतो.

इन्व्हर्टरचा लो-कट ४८.० व्होल्ट. लिथियमचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यावरून किती टक्के उरलं ते कळत नाही. शंट लावलेला, आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर घ्या.

फक्त_सौर

मला वेगळं वाटतं, आणि ठामपणे. १८ मीटरचा खांब, बारा तारा, नांगर, डंप लोड, दरवर्षीचं उतरवणं-चढवणं, एवढ्या खर्चात आणि कष्टात आणखी पाच पॅनेल सहज बसतात. एकूण ४.३ किलोवॉट, धुक्यातही दिवसाला चारेक युनिट, म्हणजे तुमची ३.७ ची गरज भागते. त्यात फिरणारं काही नाही. बाकीचे आठ महिने दिवसाला पंधरा-सतरा युनिट निघतील. लाइन नसतानाही अर्ध्या अश्वशक्तीचा पंप दुपारी चालेल, पण त्याचा सुरुवातीचा करंट तीन ते पाच पट असतो म्हणून सॉफ्ट स्टार्टर लावूनच.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॉट आणि पुढे ७८,००० रुपये) लाइनला जोडलेल्या सौर संचाला आहे, चक्कीला नाही. तो संच घेतलात तर एक लक्षात ठेवा: साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की बंद पडतो. तुम्हाला लाइन गेल्यावर बॅटरीवर चालणारा हायब्रिड लागेल.

वारामोजणी

मोजणी ५ च्या खाली आली तर फक्त_सौर यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण एका किलोवॉटला एक युनिट ही सरासरी आहे. घाटमाथ्यावर सलग मुसळधार दिवसांत ती निम्म्यावर येते, तेव्हा ४.३ किलोवॉटलाही दोनच युनिट मिळतील. आणि त्याच दिवसांत वारा सर्वांत जोरात असतो. सरासरी ६ च्या वर निघाली तर चक्की, ५ च्या खाली पॅनेल, मधे असेल तर दोन-तीन पॅनेल वाढवून आणखी एक पावसाळा मोजत राहा.

सडाकिनारा

वेगमापक आणि लॉगर या मे महिन्यातच उभा करतो, चक्कीचा निर्णय त्यानंतर. बॅटरी लिथियमच घेईन. दोन शंका. घरात गीझरचा १५०० वॉटचा जुना एलिमेंट आहे, तो डंप लोड म्हणून पाण्यात टाकला तर गरम पाणीही मिळेल का? आणि खांब ते घर २२ मीटर, केबल कोणती?

बॅटरी_४८

तो एलिमेंट चालणार नाही. तो २३० व्होल्टचा, म्हणजे रोध ३५ ओहम. ५६ व्होल्टवर त्यातून फक्त ९० वॉट जातील. १ किलोवॉटच्या चक्कीला झोतात १.३-१.४ किलोवॉट येतात, म्हणून डंप १५०० वॉटचा हवा, म्हणजे २ ओहम. १० ओहम, ५०० वॉटचे तारेचे रोध पाच समांतर जोडा: प्रत्येकी ३१४ वॉट, एकूण १५७०, करंट २८ अँपिअर. ते लाकडापासून आणि बॅटरीपासून दूर, जाळीच्या पेटीत, भिंतीपासून सुटे लावा. पाणी गरम करायचं असेल तर ४८ व्होल्टचे डीसी एलिमेंट मिळतात, पण टाकी रिकामी झाली की ते जळतात आणि डंपच जातो. म्हणून हवेतले रोध मुख्य ठेवा, पाणी त्यांच्या आधीच्या पायरीवर, ५५.६ व्होल्टला वेगळ्या रिलेवर.

केबल खांबाचे १८ आणि जमिनीवरचे २२ मिळून ४० मीटर, तीन कोर. १ किलोवॉटला फेजमधून १५ अँपिअर जातात. ४ चौमिमी तांब्यात १२४ वॉट जळतात, ६ मध्ये ८३, १० मध्ये ४९. १० घ्या. १२ व्होल्टचा संच असता तर करंट चौपट आणि जळणं सोळापट झालं असतं, म्हणून ४८ च.

रेक्टिफायर तीन फेजचा, १०० अँपिअर, १६०० व्होल्टचा, चांगल्या हीटसिंकवर. १८ अँपिअरला तो ३५-४० वॉट उष्णता देतो, बंद प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवलात तर जातो.

ताणतार

केबल सड्यावर चर खणून नेऊ नका. जांभ्यावरची माती बोटभर असते आणि पावसाळी फुलं तिच्यातच उगवतात. एकदा उकरली की पुन्हा धरायला फार काळ जातो. जाड एचडीपीई पाइपमधून, कातळाला क्लॅम्प करून वरूनच आणा.

अर्थिंग खांबाच्या तळाला आणि प्रत्येक नांगराच्या तारेला, सगळं एकमेकांना जोडून. एप्रिल-मेच्या वळवात विजा जास्त पडतात आणि तेव्हा सड्यावर तुमचा खांबच सर्वांत उंच असणार. घरात शिरताना तिन्ही फेजवर सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीत सोडणारं साधन). त्याच काळात चक्कीला ब्रेक लावून ठेवायला हरकत नाही, वारा तसाही कमी असतो.

देखभालीचं वेळापत्रक: मेच्या शेवटच्या आठवड्यात खांब आडवा. पात्यांच्या पुढच्या धारेवरची पॉलियुरेथेन पट्टी बघा, पावसाचे थेंब ती धार खातात आणि पट्टी सुटली की आवाज वाढतो. शेपटीच्या बिजागरीला ग्रीस. ती गंजून अडकली तर वादळात यंत्र बाजूला वळत नाही. पात्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने. स्लिप रिंग (वळत्या यंत्रातून वीज खाली आणणारी कडी) असेल तर ब्रशची लांबी मोजा. नसेल आणि केबल पाइपमधून लोंबती असेल तर तळाचा प्लग काढून पीळ सोडवा, मात्र त्याआधी खांबाच्या बाजूचे तिन्ही कोर एकत्र शॉर्ट करा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा उतरवून बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर बदला.

पहिल्या दिवशी, खांब आडवा असतानाच पाती हाताने फिरवून तिन्ही फेजजोड्यांचं एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही सारखी आली पाहिजेत. एक कमी आली तर जोड सैल आहे, तो वर गेल्यावर सापडणार नाही. मग तिन्ही शॉर्ट करून फिरवा, पाती जड आणि एकसारखी फिरली पाहिजेत. ब्रेक लावूनच खांब उभा करा. डंप लोड आणि बॅटरी जोडून झाल्यावर, ४-५ मी/से च्या हलक्या वाऱ्यात ब्रेक सोडा आणि तेव्हाच बॅटरीचा ब्रेकर पाडून डंप भार घेतो का ते बघून ठेवा. पहिल्या महिन्यानंतर सगळ्या तारांचा ताण पुन्हा तपासा, नवी तार सुरुवातीला थोडी लांबतेच.